डावखुरी गाठ

सकाळच्या धुक्यात ब्रश फिरवता फिरवता
मला एक गाठ सापडली.

सुपे नदीच्या या खोऱ्यात पाऊस असा पडतच नाही,
म्हणून इथे काही धड कुजतही नाही.
लव्हाळ्याचं शिंकं, आत धोंडे,
धोंड्यांसकट चौथऱ्याच्या पोटात बसवलेलं.
त्यावर पुन्हा शिंकं, पुन्हा धोंडे,
असं करत करत टेकडीएवढं.
साडेचार हजार वर्षं तरी, डॉक्टर उर्सुला म्हणाल्या
आणि वहीत माझं नाव लिहिलं:
एर्मेलिंदा काउराचिन.
मी कारुआचिन.
सांगितलं नाही. पगार त्या नावावर येतो.

दुपारी सावलीच्या कापडाखाली
लिमाहून आलेल्या पोरांना त्या शिकवत होत्या.
वरकड. श्रमविभागणी. सत्तेचं केंद्र.
कापूस इथून किनाऱ्याला जायचा, जाळ्यांसाठी,
किनाऱ्यावरून सुकट यायचं, टोपल्या भरून.
मडकं घडवणं ठाऊक नव्हतं यांना,
पण पेलिकनच्या हाडाची बासरी होती.
तटबंदी नाही, भाल्याचं एक टोक नाही.
मग एवढे धोंडे कुणी, कुणाच्या सांगण्यावरून?
पोरं लिहून घेत होती.

मी रताळं सोलत होते.
यातलं बरंचसं मला ओळखीचं वाटलं.
माझा दीर अजून बंदरावरून सुकट आणतो,
आम्ही त्याला मका देतो,
आणि कुणी किती दिलं यावरून
दर नाताळात भांडण होतं.
वरकड म्हणजे काय, एका मुलीनं विचारलं.
डॉक्टरांनी नीट सांगितलं.
मी मनात म्हटलं, बाई,
घरात उरलं आणि तरी घरात राहिलं नाही, ते.

गाठीचं मात्र कुणाला कळलं नसतं.
माझी आई लव्हाळ्याच्या चटया विणायची,
पीळ उजवीकडे, सगळ्यांचा असतो तसा.
हा पीळ डावीकडे.
मीही डावरी. शाळेत माझा तो हात
नन बाकाला बांधून ठेवायच्या.

मग मी तिच्या मागेच लागले.
ती, की तो, कोण जाणे. मी ती म्हणते.
त्या थरात तिची सात शिंकी.
पाचव्यात मधूनच पीळ उलटतो,
चार गाठी ढिल्या, बोटभर, पोराच्या हातच्या,
आणि पुन्हा तिचा.
कुठे गेली होती मधे?
सहावं नीटच. सातवं उचललं
तर हलकं लागलं.

वरती धोंडे, चांगले, दिसतील असे.
खाली गवताचा बोळा.
नदीकाठचं गवत, दाबून दाबून भरलेलं,
अजून पिवळं.

मी बराच वेळ उकिडवी बसून राहिले.
कुणीतरी मोजत असणार ना वर उभं राहून,
घरटी इतकी शिंकी, भरलेली,
चढावरून तिच्या पाठीवर.
आणि उन्हं कलल्यावर, सातव्या खेपेला,
तिनं इकडेतिकडे पाहिलं असेल.
एवढंच.
चौथरा काही पडला नाही. उभा आहे.
तिच्या गवतासकट उभा आहे.

पोरांच्या वह्यांत त्या दिवशी
मोजणाऱ्याबद्दल दोन पानं होती.

"काही विशेष, एर्मेलिंदा?"
डॉक्टर खड्ड्याच्या काठावर आल्या, टोपी मागे सारून.
चांगल्या आहेत त्या. माझ्या गुडघ्यासाठी मलम आणलं होतं.
सांगायला तोंड उघडलं मी, खरंच उघडलं.
"धोंडे," म्हटलं. "आणि थोडं गवत."
"गवताचा नमुना घ्या," त्या म्हणाल्या,
"वय काढता येईल."

घेतला. पिशवीत भरला, चिठ्ठी लावली,
डाव्या हाताने तोंड आवळलं.
संध्याकाळी हजेरीच्या कागदावर आठ तास लिहिले
आणि त्या चुकीच्या नावाने सही केली.
तिसऱ्या तासाला मी शेळ्या बघून आले होते.